हातासरशी फरशी

टाइलच्या दुकानात हल्ली लाकूड मिळतं, संगमरवर मिळतो, वीट मिळते, सिमेंटचा गिलावा मिळतो, गंजलेला पत्रा मिळतो, विणलेली चटईसुद्धा मिळते. या सगळ्या टाइल्सच असतात, फक्त दुसऱ्याच कशासारख्या तरी दिसतात. शेजारच्या दुकानात लाकडाचे आणि दगडाचे सनमायके असतात, त्याच्या पलीकडे प्लॅस्टिकचा संगमरवर असतो, आणि वॉलपेपरवाल्याकडे टाइल्स छापलेला वॉलपेपर असतो. टाइलसारखी दिसणारी साधी टाइल हवी असेल तर तिला 'सबवे' म्हणायचं. 1904 साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा स्टेशनांच्या भिंतींना या पांढऱ्या, तीन बाय सहा इंची टाइल्स लावल्या होत्या, पुसायला सोप्या म्हणून. आपल्याकडे तसल्याच पांढऱ्या टाइल्स वर्षानुवर्षं दवाखान्यात आणि मटणाच्या दुकानात होत्या, पण त्यांना नाव नव्हतं, त्यामुळे भावही नव्हता.

हे ज्ञान मला मुळीच नको होतं. ते मिळवावं लागलं ते बाथरूमच्या गळतीमुळे. आमची कर्वेनगरची इमारत 1986 ची. खालच्या काकूंच्या छताला ओल आली. काकू भांडल्या नाहीत. वर आल्या, चहा प्यायल्या, माझ्या कुंड्यांचं कौतुक केलं आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "सवडीनं बघा हं. घाई नाही. फक्त गणपतीत आमच्याकडे व्याही यायचेत." पुण्यात याला नोटीस म्हणतात.

वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे बाथरूमची फरशी उखडायची. फरशी उखडली की भिंतीच्या खालच्या दोन ओळी जातात, आणि त्या रंगाच्या टाइल्स आता पृथ्वीवर कुठेही मिळत नाहीत, म्हणजे सगळीच भिंत आली. इथपर्यंत बरोबर होतं. मग हे म्हणाले, "हातासरशी संडासाचंही करून टाकू." मी म्हटलं, मग हातासरशी ओट्याचंही होऊ दे, कडप्प्याला चीर गेलीय. रात्री बंगळुरूहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "बाबा, एवढी तोडफोड होणारच आहे तर हातासरशी हॉल." सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाल्या, "माझ्या खोलीला हात लावायचा नाही." तेवढं एक वाक्य सोडलं तर त्या रात्री घरात कुणी शहाण्यासारखं बोललं नाही.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हे चिंचवडच्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून काही दिवस माझ्या पोळ्यांवर होते. टाइल्सचा विषय निघाला आणि ह्यांनी कपाटातून व्हर्नियर कॅलिपर बाहेर काढला, त्याला शिवणयंत्राचं तेल दिलं. एवढे आनंदी हे मुलीच्या लग्नातसुद्धा नव्हते.

कात्रज-कोंढवा रस्त्याला संगमरवर, ग्रॅनाइट आणि टाइल्सची दुकानं ओळीनं लागतात. आम्ही शिरलो त्या दुकानात एसी इतका होता की सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. त्या का आल्या होत्या? "त्या फरशीवरनं मीच पडणार आहे ना, मग मला बघू दे," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

"मॅडम, जीव्हीटी बघायची की पीजीव्हीटी?" सेल्समननं विचारलं.

"फरशी बघायची," मी म्हटलं.

बाकीचं ह्यांनी मला तिथल्या तिथे समजावलं, थोडं मोठ्यानं, म्हणजे सेल्समनलाही कळावं. जीव्हीटी म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल, आधी पी लागला की पॉलिश केलेली. डबल चार्ज म्हणजे वरचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड. फुल बॉडी म्हणजे आरपार एकच रंग, टवका उडाला तरी कळत नाही. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची पूड प्रचंड दाबाखाली दाबायची, वर इंकजेट प्रिंटरनं हवं ते चित्र छापायचं आणि साधारण 1200 अंश सेल्सिअसला भाजायचं, की झाली टाइल. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर. म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावायची नाही. सेल्समन "बरोबर सर, बरोबर सर" म्हणत होता. त्यानं यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण मध्येच त्यानं मोबाइल काढून काहीतरी लिहून घेतलं.

देशातल्या बहुतेक टाइल्स सौराष्ट्रात मोरबी नावाच्या गावी होतात. इटलीतल्या कॅराराच्या ज्या खाणींतल्या दगडातून मायकेलँजेलोनं डेव्हिडचा पुतळा घडवला, त्या दगडाचा फोटो मोरबीत दोन बाय चार फुटांत छापून मिळतो. आपल्या पुण्याचा खडक म्हणजे काळा बसाल्ट. शनिवारवाड्याची जोती त्याची, जुन्या देवळांचे चौथरे त्याचे. दुकानात एका रॅकवर 'बसाल्ट' अशीच चिठ्ठी होती. ज्या खडकावर अख्खं पुणं उभं आहे त्याची छपाई करून आम्हाला मोरबीहून, मच्छू नदीच्या काठावरून पाठवतात, आणि आम्ही ती कात्रजला, मागे डोंगर दिसत असताना, एसीत बसून विकत घेतो. मोरबी भिंतीवरच्या घड्याळांसाठीही प्रसिद्ध आहे. म्हणजे आमची फरशीही मोरबीची आणि काम कधी संपणार ते दाखवणारं घड्याळही मोरबीचं.

सासूबाई हे काही ऐकत नव्हत्या. त्या एका पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत टाइलसमोर उभ्या होत्या. त्यांनी उजवा पाय चपलेतून काढला, टाइलवर ठेवला आणि पुढे-मागे केला. मग सेल्समनला म्हणाल्या, "बाळ, ग्लासभर पाणी आण."

त्यानं थंडगार पाणी आणलं. आजींना तहान लागली असेल असं त्याला वाटलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी सावकाश त्या टाइलवर ओतलं. मग एका हातानं माझं मनगट आणि दुसऱ्या हातानं सेल्समनचा टाय धरून पुन्हा पाय ठेवला. पाय सुर्रकन गेला. टाय टिकला.

"ही नको," त्या म्हणाल्या.

ह्यांनी ताबडतोब आर नंबरचा विषय काढला. टाइलला आर-9, आर-10, आर-11 असे आकडे असतात. जर्मन चाचणी आहे. फळीवर टाइल्स बसवून त्यावर तेल ओततात, माणसाला चालायला लावतात आणि फळी तिरकी करत नेतात. तो कितव्या अंशाला घसरतो त्यावरून आकडा ठरतो. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणसाला तेलावरनं चालायला लावतात? जर्मनच ते." पण त्यानंतर त्या प्रत्येक रॅकपाशी "याचा आर किती?" विचारू लागल्या, आणि आकडा सांगितला तरी पाणी मागू लागल्या. बाथरूमसाठी त्यांनी एक राखाडी, हाताला खरखरीत लागणारी टाइल पास केली. "शिवाय मळखाऊ आहे," असा शेराही मारला. या एका शब्दावर आमच्या घरात पडदे, सोफे, शालेय दप्तरं आणि माझ्या लग्नातल्या दोन साड्या निवडल्या गेल्या आहेत.

मावशींना मात्र विचारायचं राहिलं होतं. आमच्याकडे केर-फरशी मावशी करतात. नमुना घरी आणल्यावर त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटानंतर ओलं फडकं फिरवलं. फडकं अडकलं. "ताई, हिच्यावर आजी पडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या, "पण साबणाचा साका निघायचा पण नाही. ब्रशनं घासावी लागंल. घासू की, पण मग पगाराचं बोलावं लागंल." आर नंबर जितका वाढतो तितका मावशींचा पगार वाढतो, हे जर्मनांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मुलीला बेडरूमच्या भिंतीला फ्लूटेड पॅनेल हवं होतं, म्हणजे उभ्या पन्हाळ्या पाडलेल्या फळ्या. मोबाइलवर तो फोटो पाहून मावशींनी एवढंच विचारलं, "यातली धूळ कोण काढणार?" मुलगी कॉलवरच होती. पॅनेल त्या क्षणी रद्द झालं. गेली कित्येक वर्षं ज्या मुलीनं माझं एक ऐकलं नाही ती मावशींचं निमूट ऐकते, हे बघून मला काय वाटलं ते असो.

मुलीनं आमच्या मदतीला तिची एक मैत्रीण दिली होती, इंटिरिअर डिझायनर. गोड मुलगी. मला काकू म्हणायची आणि प्रत्येक वाक्यात 'वॉर्म' म्हणायची. वॉर्म व्हाइट, वॉर्म ग्रे, वॉर्म वुड. मे महिन्यात पुण्यात चाळीसच्या पुढे पारा गेलेला असताना मला घरात आणखी वॉर्म काही नको होतं, पण तिच्या उत्साहावर पाणी कोण ओतणार? (सासूबाई ओततील म्हणून त्यांना पुढच्या खेपेला नेलं नाही.)

तिच्याबरोबर भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. तिथली गल्ली म्हणजे प्लायवूडची हातगाडी पुढे, टेम्पो मागे आणि मध्ये आपण. दुकानदारानं सनमायक्याचे कॅटलॉग टेबलावर टाकले ते उचलायला दोन हात लागत होते. स्यूड, मॅट, हाय ग्लॉस; अक्रोड, साग, शिसम; शिवाय एक 'जुनाट साग', ज्यावर किडीची भोकंही छापलेली होती. आमच्या माजघरातल्या जुन्या कपाटाला खरी भोकं पडली म्हणून आम्ही ते भंगारात दिलं होतं. आणि हे लाकूड म्हणजे मुळात कागद. क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, वर चित्राचा कागद मेलामाइनमध्ये भिजवून ठेवायचा, आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. आठ बाय चार फुटांचा शीट तयार. ह्यांनी 'एक एमएम' म्हणून दाखवलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावला. 0.8 भरला.

"सर, हे सॅम्पल आहे," दुकानदार म्हणाला.

"सॅम्पलचंच म्हणतोय मी," हे म्हणाले.

पुढची पंधरा मिनिटं दोघंही त्या तुकड्याबद्दल अतिशय नम्रपणे बोलत होते. पुण्यात भांडण टिपेला पोचलं की माणसं एकमेकांना अहो-जाहो करतात. शेवटी दुकानदारानंच चहा मागवला आणि दुसरा तुकडा काढला. तो एक भरला. प्लायवूडच्या कडेवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का आहे का, हे मात्र ह्यांनी प्रत्येक फळीवर वाकून बघितलं, आणि गल्लीतून जाणारा एक हमाल मला म्हणाला, "काकांचं काही हरवलंय का?"

ओट्याचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटला. डिझायनरला पांढरा क्वार्ट्झ हवा होता. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर दगडाची पूड असते आणि बाकी रेझिन, त्यामुळे डाग मुरत नाही पण गरम भांडं थेट ठेवलेलं चालत नाही. "काकू, भांड्याखाली ट्रिव्हेट ठेवायचा," ती म्हणाली. आमच्याकडे कुकर उतरवला की तो हाताला मोकळी दिसेल त्या जागी जातो, आणि ती जागा शिट्टीच्या घाईत शोधायची असते. काळा ग्रॅनाइट घेतला. हळद सांडली तर दिसत नाही, तवा ठेवला तर बोलत नाही.

आता हॉल. आमच्या हॉलला मोझॅक होती. ज्यांचा जन्म 2000 नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगते. पांढऱ्या किंवा रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून फरशा बनवायच्या, त्या घरात बसवायच्या, आणि मग मशीन आणून जागेवर घासायच्या. घासताना घरभर दुधाळ चिखल होतो, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश होतं, आणि आतली खडी वर येते. पिवळी, काळी, लाल, एखादा हिरवा तुकडा. ज्यानं लहानपणी सुट्टीत त्या फरशीवर पालथं पडून खड्यांमध्ये हत्ती आणि म्हाताऱ्या शोधल्या नाहीत, त्याच्या सुट्ट्या वाया गेल्या. आमच्या हॉलची फरशी दोन ठिकाणी खचली होती आणि बाथरूमची नवीन पाइपलाइन तिथूनच जाणार होती, त्यामुळे ती जायलाच हवी होती. त्यावर आमच्यात दुमत नव्हतं. सासूबाईंनी तिच्याकडे बघून नुसतं "हं" केलं. त्यांनी लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात शेणानं जमीन सारवली, लग्न होऊन आल्यावर शहाबादी पुसली, मग ही मोझॅक. फरशी गेल्याचं दुःख करायची त्यांची पद्धत नाही.

तर हॉलसाठी काय घ्यायचं? डिझायनरनं दुकानात एक टाइल काढून माझ्यासमोर धरली. तिचे डोळे चमकत होते.

"काकू, टेराझो! सध्या सगळ्यात ट्रेंडिंग आहे. इटालियन कॉन्सेप्ट आहे."

टाइलवर पांढऱ्या सिमेंटात संगमरवराची खडी छापलेली होती. पिवळी, काळी, लाल. एखादा हिरवा तुकडा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी टाइलवर नख फिरवलं. गुळगुळीत. खडीचा फोटो. आमच्या हॉलमधून खरी मोझॅक फोडून काढायची, राडारोड्याच्या गोण्यांचे पैसे देऊन ती खाली न्यायची, आणि त्याच जागी तिचा फोटो बसवायचा, असा प्रस्ताव होता. मुलगी कॉलवर "आई, प्लीज, प्लीज" करत होती. फोटो सुंदर होता, यात वाद नाही. फोटोतली फरशी खचतही नाही. घेतली.

खोकी मोजताना ह्यांना पुन्हा तरतरी आली. दुकानदार ज्याला 'टू बाय टू' म्हणतो ती टाइल 600 मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटाला थोडी कमी. चार टाइल्सचं खोकं तो 16 चौरस फूट धरतो, भरतं साडेपंधरा. वीस खोक्यांमागे दहा चौरस फूट फरशी हवेत राहते. ह्यांनी हे कागदावर मांडून दाखवलं. दुकानदारानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे जॉइन व्हा." शेवटी साडेपंधरानंच बिल झालं, वर तुटफुटीचे दहा टक्के, सगळी खोकी एकाच बॅचची, कारण बॅच बदलली की रंगाची छटा बदलते. ती उरलेली खोकी आज दिवाणाखाली आहेत. पुण्यातल्या प्रत्येक दिवाणाखाली आधीच्या फरशीची दोन खोकी असतात, ती फरशी घरातून गेली तरी खोकी जात नाहीत.

"फेसेस किती आहेत?" निघता निघता ह्यांनी विचारलं. छापील टाइलचं चित्र ठरावीक वेगळ्या तुकड्यांत येतं, तेवढे तुकडे संपले की पुन्हा पहिला. त्यांना फेसेस म्हणतात.

"रँडम आहे सर. एकदम नॅचरल."

मिस्त्री राजस्थानचा होता. सोसायटीनं दुपारी 2 ते 4 ठोकाठोकीला बंदी घातली होती, त्यामुळे तो दोन वाजता हॉलच्या मधोमध गमछा पसरून झोपायचा, आणि हे त्याच्याभोवती लेव्हल ट्यूब घेऊन पाय न वाजवता फिरायचे. पहिला वाद झाला सुरुवात कुठून करायची यावर. अख्खी टाइल दारात आली की तुकडा खिडकीखाली येतो, अख्खी खिडकीखाली आली की तुकडा दारात. मिस्त्री म्हणाला, "सोफा कुठं येणार ते सांगा, कट पीस त्याच्याखाली टाकतो." सोफा कुठे येणार यावर आमच्या घरात लग्न झाल्यापासून एकमत नाही.

दुसरा वाद मालाचा. मिस्त्रीला सिमेंट-वाळूचा माल टाकायचा होता, ह्यांना ॲढेसिव्ह. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून साधं सिमेंट तिच्या पाठीला नीट धरत नाही, हे खरंच आहे. मिस्त्रीनं ॲढेसिव्ह मान्य केलं, पण चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबू लागला. ह्यांनी त्याला थांबवलं. दाते असलेल्या थापीनं सगळीकडे सारखं पसरवायचं, नाहीतर खाली पोकळी राहते आणि वरून काही जड पडलं की टाइल तडकते.

"साहब, आप इंजिनीयर हो क्या?"

"क्वालिटी में था."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. ह्यांच्या जातकुळीतले लोक त्याला आधी भेटलेले असावेत. तिथून पुढे एकेक टाइल बसली की हे गुडघ्यावर बसून पाच रुपयांच्या नाण्यानं ती वाजवून बघायचे. भरीव आवाज आला की मान हलवायची, बद्द आला की टाइल वर. मध्ये स्पेसरच्या पांढऱ्या, अधिकच्या चिन्हासारख्या खुणा, वर लेव्हलिंगच्या निळ्या क्लिपा, रबरी हातोडीचे हलके ठोके, आणि मागे नाण्याचं टिकटिक. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून देखरेख करत. बाथरूमच्या उताराची तपासणी त्यांनी स्वतः केली, बादली उपडी करून. "भैय्या, इधर ढलान नहीं दिया, पानी तुंबता है." तो राजस्थानचा माणूस 'तुंबता' म्हणजे काय ते विचारायला थांबला नाही. पाणी दिसत होतं. त्यानं दोन ओळी उचलून परत बसवल्या.

सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट घेतलं. महाग असतं, पण हळद-तेल धरत नाही. त्याची एकच अट, भरल्यावर लगेच स्पंजनं पुसायचं, कारण एकदा धरलं की टाइलवर त्याचा पापुद्रा राहतो. नेमकी तेव्हाच चहा आला. दाराशी अजूनही एक धूसर पट्टा आहे. उजेड तिरका पडला तरच दिसतो, म्हणजे रोज सकाळी.

गणपतीच्या आत काम झालं. खालच्या काकू वर येऊन बघून गेल्या. "छान केलंत हो. आमच्याकडचं छत मात्र रंगवावं लागेल," म्हणाल्या. रंगवून दिलं.

आणि मग एका रात्री हॉलमध्ये फाट्कन आवाज झाला. मी धावत गेले तर सासूबाई हातात चप्पल घेऊन उभ्या.

"झुरळ आहे. मेलंच नाही."

मी दिवा लावला. टाइलवर एक लांबट तपकिरी खडा होता, एका टोकाला दोन बारीक रेघा, थोड्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या. छापील. इतकं हुबेहूब झुरळ खऱ्या झुरळांनाही जमत नाही. हे उठून आले, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी हॉलचा नकाशा काढला. चारच फेसेस. झुरळ तिसऱ्या फेसवर. त्या हिशेबानं चार टाइल्समागे एक येणार, आणि तसंच होतं. सोफ्याखालच्या कट पीसमध्ये अर्धं आहे. मिस्त्रीनं काही टाइल्स उलट्या दिशेनं बसवल्या होत्या, त्यामुळे काही झुरळं दाराकडे निघालेली आहेत आणि काही स्वयंपाकघराकडे. पाहुणे आले की मी आता त्यांना बसवताना पायांखाली काय येतं ते बघते. मावशी पहिल्या आठवड्यात प्रत्येकावर केरसुणी मारत होत्या, आता ओळखतात. एकदा त्यांच्यात एक खरं निघालं. ते मोकळं सुटलं, कारण कुणी त्याची दखलच घेतली नाही.

दिवाळीला मुलगी आली, तिच्याबरोबर दोन-तीन मित्रमैत्रिणी फराळाला. त्यातली एक आर्किटेक्ट. तिनं हॉलकडे बघून सभ्यपणे "नाइस" म्हटलं, आणि बाथरूमला जाताना वाटेत सासूबाईंच्या खोलीच्या दारात थबकली. त्या खोलीला आम्ही हात लावला नव्हता. ती चपला काढून आत गेली आणि सरळ जमिनीवर बसली. पिवळ्या खड्यावर, काळ्यावर, हिरव्यावर बोट फिरवत राहिली.

"आजी, ही ओरिजिनल आहे? हे असं आता बनवून घ्यायचं तर कारागीर मिळत नाहीत. किती लकी आहात तुम्ही!"

"हॉलभर होती," सासूबाई म्हणाल्या. "पोत्यात भरून खाली नेली."

मुलगी चकली हातात धरून माझ्याकडे बघू लागली. मी चिवड्याच्या डब्याचं झाकण शोधू लागले.

"मी एक फोटो काढू का हिचा?" आर्किटेक्टनं विचारलं.

"काढ की," सासूबाई म्हणाल्या. "आणि मोरबीला पाठव. तेवढं झुरळ नको म्हणावं."